बीचा रंग ठरवतं कोण? आई, बाप की बी स्वतः?

काळ्या बियांचं झाड आणि पांढऱ्या बियांचं झाड, दोघांचा संकर केला तर बी कुठल्या रंगाची येणार? बहुतेक जण लगेच सांगतात की जो रंग डॉमिनंट (म्हणजे दुसऱ्याला, रिसेसिव्हला, झाकून टाकणारा) असेल तो, झालं काम. पण हे उत्तर अर्धवट आहे, कारण आधी विचारायला पाहिजे की तो रंग बीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे. ते माहीत नसेल तर डॉमिनंट-रिसेसिव्हचं गणित कितीही बरोबर मांडलं तरी उत्तर एका पिढीने चुकतं. आणि हे बऱ्याच पुस्तकांत नीट सांगितलेलंच नसतं, त्यामुळे लोक वाटाण्याचा नियम गव्हाला लावतात आणि मग गोंधळतात.

म्हणजे बघा, एका बीमध्ये प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या जातकुळीच्या पेशी असतात. सगळ्यात बाहेरची साल ही फुलातल्या बीजांडाच्या आवरणापासून बनते, म्हणजे ती पूर्णपणे आईची, परागकण कुठूनही आलेला असो सालीत बापाचा काहीही वाटा नसतो. गहू, भात, मका, ज्वारी यांच्या दाण्यात तर फळाची भिंतसुद्धा सालीला चिकटूनच असते आणि तीही आईचीच. आतमध्ये असतो तो गर्भ आणि त्याची दलं (हरभऱ्यात, वाटाण्यात ज्यांची डाळ होते ती), ही मात्र नवीन पिढी, निम्मी जनुकं आईची निम्मी बापाची. आणि तिसरा भाग म्हणजे भ्रूणपोष, तांदळाचा किंवा मक्याचा जो पिठूळ भाग असतो तो, याचा हिशोब सगळ्यात विचित्र कारण यात गुणसूत्रांचे दोन नाही तर तीन संच असतात, दोन आईकडून आणि एक बापाकडून. या भ्रूणपोषाचा सगळ्यात बाहेरचा पातळ थर म्हणजे अल्यूरोन, तो लक्षात ठेवा, मक्याच्या भागात तो परत येणार आहे.

आता यावरून एक गोष्ट सरळ निघते. रंग जर दलांत किंवा भ्रूणपोषात असेल तर संकराचा परिणाम त्याच हंगामात, त्याच शेंगेत किंवा कणसात दिसतो. रंग जर सालीत असेल तर या हंगामात काहीच दिसत नाही, बी आईसारखीच दिसणार, ती पेरून झाड वाढवायचं आणि त्या झाडाला येणाऱ्या बियांची साल बघायची, तेव्हा कुठे कळतं की संकरात काय झालं होतं. सरळ एका पिढीचा उशीर.

हे मेंडेलला अगदी नीट माहीत होतं. त्याने ब्रनोच्या मठात वाटाण्यावर प्रयोग केले, १८६५ मध्ये वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये छापले, त्यात पिवळ्या-हिरव्या दाण्यांचा आकडा आहे ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे, म्हणजे जवळपास ३:१. आणि सालीच्या रंगाचा आकडा आहे ७०५ करड्या सालीचे आणि २२४ पांढऱ्या सालीचे. पहिल्यात आठ हजारांवर नग आणि दुसऱ्यात हजारसुद्धा नाहीत, असं का? कारण पिवळा-हिरवा रंग हा आतल्या दलांचा, तिथे प्रत्येक दाणा स्वतःच एक वेगळं अपत्य, म्हणून दाणे मोजले की झालं, २५८ झाडांवर एवढे सगळे दाणे मिळाले. पण साल आईची असल्यामुळे एका झाडाच्या सगळ्या बियांची साल सारखीच, तिथे दाणे मोजून उपयोग नाही, झाडंच मोजावी लागतात. मला तरी वाटतं की मेंडेलच्या कामाचा हा भाग शिकवायला सगळ्यात जास्त चांगला आहे, पण तो सहसा तक्त्यातला एक आकडा म्हणून निघून जातो.

त्या हिरव्या दाण्याचं पुढे काय निघालं तेही मजेशीर आहे. कोवळा असताना प्रत्येक वाटाणा हिरवाच असतो. पिकताना हरितद्रव्य मोडून टाकलं जातं आणि मागे पिवळा रंग उरतो. हिरवा राहणारा वाटाणा म्हणजे काही जास्तीचा हिरवा रंग बनवणारा नाही, तो फक्त साफसफाई न करणारा आहे. २००७ मध्ये ते जनुक सापडलं, त्याला स्टे-ग्रीन म्हणतात, आणि नंतर २०१६ मध्ये कळलं की त्याचं प्रोटीन हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू काढून टाकतं, तिथून मोडतोड सुरू होते. अशा झाडाची पानंसुद्धा वाळताना हिरवीच राहतात, कारण जनुक तेच.

हरितद्रव्य सोडलं तर बियांच्या रंगाची मुख्य घराणी दोन. एक कॅरोटिनॉइड, पिवळे-केशरी, मक्याचा पिवळा रंग हा त्यातला. दुसरं म्हणजे फ्लेव्होनॉइड, आणि खरी रंगपंचमी इथेच आहे, जांभळा, काळा, लाल, विटकरी, तपकिरी हे जवळपास सगळे याच घराण्यातले. सुरुवात फेनिलअ‍ॅलॅनिन नावाच्या साध्या अमिनो आम्लापासून होते, मग एकामागून एक एंझाइम त्यात बदल करत जातात, त्यातलं चाल्कोन सिंथेज हे या रस्त्यावरचं पहिलं महत्त्वाचं एंझाइम. पुढे एका ठिकाणी फाटा फुटतो, एकीकडे अँथोसायनिन म्हणजे जांभळे-काळे रंग आणि दुसरीकडे टॅनिन गटातली द्रव्यं. ही टॅनिनवाली मंडळी बनताना रंगहीन असतात आणि नंतर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी होत जातात, जुन्या राजम्याचे दाणे साठवणीत काळपट पडतात त्याचं कारण हेच.

आता या रस्त्यावरची एंझाइमं म्हणजे कामगार समजा, तर त्यांच्यावर तीन मुकादम असतात, मिब, बीएचएलएच आणि डब्ल्यूडी४० अशी त्या प्रोटीनच्या प्रकारांची नावं. हे तिघं एकत्र बसले तरच कामगारांची जनुकं चालू होतात. एक जरी गैरहजर असला तरी काम बंद. आणि शेतीच्या इतिहासात माणसाने ज्या पांढऱ्या किंवा फिक्या बिया निवडल्या त्यात फार वेळा कामगार नाही तर कुठलातरी मुकादमच बिघडलेला सापडतो, हे मला या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं.

भात घ्या. रानटी भाताचा दाणा लाल असतो, तो लाल रंग दाण्याच्या सालीत, म्हणजे आईच्या पेशींत. आरसी नावाचं एक बीएचएलएच जनुक हे काम करतं. पांढऱ्या भाताच्या बहुतेक सगळ्या वाणांत या जनुकात एकच चूक आहे, डीएनएची १४ अक्षरं गळालेली. आता जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं आणि १४ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन घसरतं आणि प्रोटीन अर्धवट राहतं. एवढ्याशा बदलावर जगातला बहुतेक पांढरा तांदूळ उभा आहे. याच्या जोडीला आरडी नावाचं जनुक असतं, ते डीएफआर या एंझाइमचं, दोन्ही चांगली असतील तर दाणा लाल, आरसी चांगलं पण आरडी बिघडलेलं असेल तर तपकिरी, आणि आरसीच बिघडलेलं असेल तर आरडी कसंही असो दाणा पांढरा.

काळा तांदूळ मात्र उलट प्रकार आहे, तिथे काही बिघडून नाही तर भलत्या जागी चालू होऊन रंग आलाय. काला४ नावाच्या जनुकाच्या पुढचा जो नियंत्रणाचा भाग असतो त्यात डीएनएची उलथापालथ झाली आणि जे जनुक दाण्याच्या सालीत गप्प असायला हवं ते तिथे चालू झालं, हे २०१५ मध्ये समजलं. तोही बीएचएलएच मुकादमच. आणि लाल काय काळा काय, रंग सालीतच असल्यामुळे पॉलिश केलं की निघून जातो, आतला भ्रूणपोष पांढराच.

हरभऱ्यात देशी आणि काबुली हा फरक सगळ्यांना माहीत असतो, देशीची बी गडद आणि फूल गुलाबी-जांभळं, काबुलीची बी फिकी आणि फूल पांढरं. यामागे सुद्धा एक बीएचएलएच जनुकच आहे, आणि ते एकदाच नाही तर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या प्रकारे बिघडलंय, म्हणजे काबुलीपण हे स्वतंत्रपणे अनेकदा तयार झालं. मेंडेलच्या वाटाण्यात करडी साल आणि जांभळं फूल नेहमी जोडीने यायचं, ते त्याने लिहूनही ठेवलंय, तिथेही बीएचएलएच. मोहरीत पिवळ्या बीचं कारण शोधायला गेले तर टीटी८, परत बीएचएलएच! फक्त ज्या मोहरीत दोन जातींचे जीनोम (म्हणजे सगळ्या जनुकांचे पूर्ण संच) एकत्र आलेत तिथे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बी पिवळी व्हायला दोन्ही बिघडाव्या लागतात. पिवळ्या मोहरीची साल पातळ असते म्हणून तेलाचं प्रमाण जास्त आणि चोथा कमी, त्यामुळे ब्रीडर लोक तिच्या मागे असतात. ज्वारीत टॅनिनचं एक जनुक २०१२ मध्ये सापडलं ते मात्र डब्ल्यूडी४० निघालं, म्हणजे तिसरा मुकादम. टॅनिन असलेल्या ज्वारीला पाखरं कमी त्रास देतात पण पचायला ती जड, कारण टॅनिन प्रोटीनला चिकटून बसतं.

यावरून एक लक्षात येईल की रंग हा नुसता दिसण्यापुरता नसतो. भाताचं ते आरसी जनुक बीच्या झोपेशी म्हणजे सुप्तावस्थेशीही जोडलेलं आहे. लाल दाणा पडल्या पडल्या उगवत नाही, थांबून राहतो, रानात जगायला हे उपयोगी पण शेतात सगळं बी एकदम उगवायला पाहिजे असतं. म्हणजे माणसाने पांढरा दाणा निवडला तेव्हा त्याच्याबरोबर लवकर उगवणं फुकटात आलं.

गव्हात याच गोष्टीची दुसरी बाजू त्रास देते. पीक कापणीला आलेलं असताना पाऊस झाला की पांढऱ्या दाण्याच्या गव्हाला ओंबीतच मोड येण्याचा धोका लाल गव्हापेक्षा जास्त. गव्हाच्या लाल रंगामागे मिब प्रकारचं जनुक आहे आणि साधा गहू तीन गवतांचे जीनोम एकत्र येऊन बनलेला असल्यामुळे त्याच्या तीन प्रती आहेत, तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. एक जरी प्रत चांगली असली तरी दाणा लाल, तिन्ही मेल्या तरच पांढरा. स्वीडनमध्ये निल्सन-एले नावाच्या ब्रीडरने १९०९ मध्ये हे दाखवलं, कुठल्या संकरात लाल-पांढऱ्याचं प्रमाण ३:१ यायचं, कुठे १५:१ आणि एका ठिकाणी ६३:१. शिवाय चांगल्या प्रती जितक्या जास्त तितका लाल रंग गडद, म्हणजे मधल्या छटा भरपूर. त्या काळात लोक म्हणत होते की मेंडेलचे नियम हे-किंवा-ते अशा गुणांना चालतात, हळूहळू बदलणाऱ्या गुणांना नाही, त्याला हे जोरदार उत्तर होतं. आणि लक्षात ठेवा, ही साल आहे, म्हणून ६३:१ हे प्रमाण झाडांचं आहे, एका ओंबीतल्या दाण्यांचं नाही. लाल-पांढरा फरक नुसत्या डोळ्याने ओळखता येत नसेल तर दाणे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवतात, लाल गहू गडद तांबूस-तपकिरी होतो आणि पांढरा गवताळ पिवळा राहतो.

आता मका, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण मक्यात सगळे प्रकार एकाच कणसात बघायला मिळतात. बाहेरची साल आईची, तिच्यात विटकरी रंग असला तर पूर्ण कणीस विटकरी. त्याखाली अल्यूरोन, तिथे जांभळा किंवा लाल. त्याच्याखाली पिठूळ भाग, तिथे पिवळा किंवा पांढरा. साल पारदर्शक असेल तरच खालचं दिसतं, आणि अल्यूरोन रंगहीन असेल तरच पिवळा दिसतो.

अल्यूरोन जांभळा व्हायला सी१ (मिब) आणि आर१ (बीएचएलएच) हे दोन्ही लागतात. दोन्हींची एकेक चांगली, एकेक बिघडलेली प्रत असलेलं झाड स्वतःशीच फळवलं तर एका कणसात जांभळे आणि रंगहीन दाणे ९:७ प्रमाणात येतात, कारण दोघांपैकी कुठलंही एक नसलं तरी रंग नाही. आणि पीआर नावाचं जनुक बिघडलं तर रंग बनतो पण जांभळ्याऐवजी लाल. म्हणजे सी१ आणि पीआर या दोघांचं एकत्र बघितलं तर ९ जांभळे, ३ लाल, ४ रंगहीन. पुस्तकातली ती सगळी वाकडी प्रमाणं पाठ करण्यापेक्षा कोण कुणाच्या आधी काम करतं एवढं डोक्यात ठेवलं तर ती आपोआप काढता येतात.

पिवळ्याचा मामला वेगळा. मक्याच्या रानटी पूर्वजाचा पिठूळ भाग पांढरा होता, वाय१ या जनुकाचं काम तिथे चालू झालं आणि पिवळा मका आला, म्हणजे इथे पांढरा हा मूळ आणि पिवळा नवा. हे जनुक कॅरोटिनॉइड बनवणारं फायटोइन सिंथेज एंझाइम देतं. भ्रूणपोषात तीन संच असल्यामुळे पिवळेपणाचे शून्य, एक, दोन, तीन असे डोस पडतात, आणि १९३१ मध्ये असं दाखवलं गेलं की डोस वाढतो तसं दाण्यातलं अ जीवनसत्त्वाचं काम वाढत जातं. आई पिवळी आणि बाप पांढरा असेल तर दोन डोस, उलट केलं तर एकच, म्हणून तोच संकर कुठल्या बाजूने केला यावर छटा बदलते. तांदळाच्या भ्रूणपोषात हा रस्ता बंदच असतो म्हणून २००० साली गोल्डन राइस (अ जीवनसत्त्वासाठी मुद्दाम पिवळा केलेला तांदूळ) करताना डॅफोडिलचं फायटोइन सिंथेज आणि एका जिवाणूचं जनुक घातलं, पण रंग फिकाच राहिला, मग २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचं जनुक घातल्यावर कॅरोटिनॉइडचं प्रमाण दर ग्रॅमला ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं.

डोसचं कळलं की वाटतं आई-बापातला फरक सगळा डोसचाच असेल, पण नाही. आर१ च्या एका प्रकारात जनुक आईकडून आलं तर दाणा पूर्ण रंगतो आणि बापाकडून आलं तर डागाडागाचा येतो. जेरी कर्मिकल यांनी १९७० मध्ये डोस सारखे करून बघितले तरी फरक तसाच राहिला, म्हणजे जनुकाची अक्षरं तीच पण ते कुणाकडून आलं याची खूण त्यावर राहते. याला इम्प्रिंटिंग म्हणतात आणि एकेकट्या जनुकाच्या पातळीवर ते पहिल्यांदा इथेच, मक्याच्या दाण्याच्या रंगात दिसलं.

आणि ठिपके! बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याचे ठिपकेदार दाणे बघून ओळखलं की डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात. तुकडा येऊन वरच्या सी१ जनुकात घुसला की जनुक बंद, दाणा रंगहीन. पण दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उडी मारून बाहेर पडला की त्या पेशीत जनुक परत चालू आणि तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशी जांभळ्या. उडी लवकर पडली तर ठिपका मोठा, उशिरा पडली तर बारीक. म्हणजे ठिपक्याच्या आकारावरून उडीची वेळ सांगता येते, काही मशीन नको. बऱ्याच लोकांना हे पटायला दशकं गेली, नोबेल मिळालं १९८३ मध्ये, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

सोयाबीनची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली कारण ती वरचा नियम उलटा करते. आतापर्यंत बहुतेक ठिकाणी रंग डॉमिनंट आणि रंग नसणं रिसेसिव्ह, कारण एक चांगली प्रत असली तरी काम भागतं. सोयाबीनमध्ये रंग नसणं डॉमिनंट आहे. आपण पिवळं सोयाबीन म्हणतो त्याची साल खरं तर रंगहीन असते आणि आतली पिवळी दलं दिसत असतात. आय नावाच्या जागेवर चाल्कोन सिंथेज जनुकाच्या प्रती उलटसुलट तोंडाने शेजारी-शेजारी बसलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा आरएनए (जनुकाची पेशी वापरते ती नक्कल) स्वतःवरच दुमडतो, पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे दुसरीकडच्या चांगल्या चाल्कोन सिंथेज जनुकांचाही आरएनए शोधून नष्ट करतात. अशी एक प्रत असली तरी बाकीच्यांना गप्प करायला पुरते, म्हणून ती डॉमिनंट. याच जागेच्या एका प्रकारात साल रंगहीन पण नाभी, म्हणजे बी शेंगेला चिकटलेली असते ती जागा, तेवढी गडद राहते.

म्हणून शुद्ध पिवळ्या वाणात कधीतरी एखादं झाड काळ्या किंवा तपकिरी बियांचं निघतं, तेव्हा ती भेसळच असेल असं नाही, त्या उलटसुलट प्रतींमधला तुकडा गळाला तरी गप्प बसलेला रंग परत येतो. तसं असेल तर त्या एका झाडाच्या सगळ्याच बिया गडद असतात (साल आईची!) आणि पुढच्या पिढीतही तशाच येतात. पण पिवळ्या सालीवर वेडेवाकडे तपकिरी-काळे चट्टे असतील तर ते वेगळं, तिथे बहुतेक सोयाबीन मोझॅक व्हायरस असतो. या व्हायरसकडे आरएनए नष्ट करण्याची यंत्रणा बंद पाडणारं प्रोटीन असतं, झाड ती यंत्रणा व्हायरसविरुद्ध वापरतं म्हणून तो ती मोडतो, आणि त्या नादात सालीतला चाल्कोन सिंथेजही मोकळा सुटतो. असे चट्टे आनुवंशिक नसतात, त्या बीपासून आलेलं झाड निरोगी असेल तर त्याच्या बिया पुन्हा स्वच्छ पिवळ्या, फक्त हा व्हायरस बियांतूनही जातो त्यामुळे चट्ट्याचं बी पेरणीला न ठेवलेलं बरं.